सहाव्या तिकिटाचे पैसे कशाचे?

पत्र: नमस्कार. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मिस्टर गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा, सून आणि नातवंडं अमेरिकेत, फ्लोरिडात टॅम्पाला असतात. नातू पाच वर्षांचा, नात दोनची. चवथ आटोपली की आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे चाललो आहोत. विमानाचा खर्च मुलानेच केला, म्हणून तिथल्या ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्ड या मनोरंजननगरीचा खर्च तरी आपण करायचा, त्याला आधी काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. धाकट्या जावेचा मुलगा म्हणाला, त्याच्या मित्राच्या ओळखीचा एक जण डिस्नेच्या क्रूझ बोटीवर कामाला आहे, त्याला स्टाफचे पास स्वस्तात मिळतात. चार दिवसांचं तिकीट 14 हजारांना, सहा जणांचे 84 हजार. पाच दिवसांपूर्वी पुतण्याने दिलेल्या नंबरवर मिस्टरांनी 25 हजार यूपीआयने पाठवले. एका क्यूआर कोडचा फोटो आला. आता तो माणूस म्हणतो की ही कुणाची तरी उरलेल्या दिवसांची तिकिटं आहेत, तारखेचं बंधन नाही, पण बाकीचे 59 हजार आणि सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो दोन दिवसांत पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आमच्या दोघांच्या पासपोर्टचे फोटो मी पाठवून बसले. पैसे पाठवताना मात्र हात अडला. पुतण्यावर अविश्वास दाखवला असं झालं तर घरात वाईट दिसेल. काय करावं?

– एक आजी, फोंडा

ताई, तुमचा हात अडला ते फार बरं झालं. तो तसाच अडू द्या. एक रुपयाही आणखी पाठवू नका आणि बाकीच्या चौघांचे पासपोर्ट तर नाहीच नाही. हे पुढचं सगळं वाचण्याआधी 1930 हा नंबर लावा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी देशभर हाच एक नंबर आहे. पैसे कोणत्या खात्यात गेले, तिथून पुढे कुठे वळले, याचा माग काढून ती रक्कम जिथे असेल तिथे अडवण्याची व्यवस्था या तक्रारीतून सुरू होते. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे सापडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते. पाच दिवस उलटलेत, त्यामुळे 25 हजार परत येतीलच असा शब्द मी तुम्हाला देऊ शकत नाही. तरीही तक्रार करा. का, ते पुढे सांगते.

फोन करताना मिस्टरांच्या मोबाइलमधला त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर हाताशी ठेवा. त्या माणसाशी झालेलं बोलणं पुसू नका आणि त्याला ब्लॉकही करू नका. तक्रार करतोय हे त्याला कळवायचं नाही. तीच तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. प्रत्यक्ष जाऊन बोलायचं असेल तर रायबंदरला गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं आहे, फोंड्याहून फार लांब नाही. बँकेलाही लेखी कळवा. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले तर बँकेवर जी जबाबदारी येते, ती आपण स्वतः पिन घालून पाठवलेल्या पैशांना तशी लागू होत नाही. शाखेतला माणूस तसं म्हणाला तर तो तुम्हाला टाळतोय असं समजू नका.

आता त्या तिकिटांबद्दल. तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचली आणि माझी खात्री पटली. तुमची नात दोन वर्षांची आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही, ती फुकट आत जातात. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं तिकीट वेगळं असतं आणि ते मोठ्यांपेक्षा थोडं स्वस्त पडतं. या माणसाने सहा जणांचे सारखे पैसे लावले. ज्याने हा धंदा खरोखर केलाय, ज्याने ती तिकिटं कधी हातात धरली आहेत, त्याला ही गोष्ट ठाऊक नसणं शक्य नाही. मग तो सहाव्या तिकिटाचे 14 हजार कशाचे मागतोय? हे त्याला विचारू नका, तो काहीतरी उत्तर देईलच. प्रश्न फक्त तुमच्या मनाशी ठेवा.

दुसरं म्हणजे त्याची गोष्ट मध्येच बदलली. आधी स्टाफचे पास होते, मग ती उरलेल्या दिवसांची तिकिटं झाली. दोन्ही गोष्टी एकाच तिकिटाच्या असू शकत नाहीत. आणि खरं सांगायचं तर दोन्हींपैकी कोणतीही एक खरी असती तरी ती तुमच्या उपयोगाची नव्हती.

बोटीवर काम करणारा माणूस हे आपल्या गोव्यात फार विश्वासाचं नाव आहे. प्रत्येक वाड्यावर एखाद्या घरातलं कुणी ना कुणी बोटीवर असतं, आणि फ्लोरिडाच्या बंदरांतून क्रूझ बोटी सुटतात हेही खरंच आहे. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला पटली, आणि पटेल अशीच ती रचलेली होती. पण कर्मचाऱ्यांना मिळणारे पास हे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, सोबतच्या पाहुण्यांसाठी असतात. ते पैसे घेऊन विकणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोकरी जाऊ शकते. बोटीवरची नोकरी मिळवायला आपली मुलं काय काय करतात, एजंटांना किती पैसे मोजतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तशी नोकरी कुणी चौदा हजारांसाठी फोंड्यातल्या अनोळखी माणसाच्या हाती देईल का?

उरलेल्या दिवसांची गोष्ट जास्त जुनी आहे, आणि तिच्यात पूर्वी थोडं तथ्य होतं. एके काळी डिस्ने वर्ल्डची काही तिकिटं जास्तीचे पैसे भरून मुदतीशिवाय घेता येत. लोक पाच दिवसांचं तिकीट घ्यायचे, दोन दिवस फिरायचे आणि उरलेले तीन दिवस वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायचे. तीच तिकिटं मग हातोहात फिरायची. ती सोय कंपनीने कधीच बंद केली. 2018च्या ऑक्टोबरपासून तिकिटाचा भाव तारखेवर ठरतो, आणि अनेक दिवसांच्या तिकिटाला वापरायची मुदत असते. चार दिवसांचं तिकीट असेल तर तिकिटाच्या सुरुवातीच्या तारखेपासून जेमतेम आठवडाभरात चारही दिवस संपवायचे. म्हणजे आज कुणाचे दिवस उरले असतील तर तुम्ही दसऱ्याच्या सुमाराला तिथे पोचेपर्यंत ते केव्हाच मातीमोल झालेले असतील. तारखेचं बंधन नसलेलं तिकीट कंपनीने स्वतः विकलं, तरी ते तारखेच्या तिकिटापेक्षा महागच असतं. ते स्वस्त कसं होईल?

शिवाय बोटाचा प्रश्न आहे. डिस्ने वर्ल्डच्या दारावर तिकीट पहिल्यांदा वापरताना तीन वर्षांवरच्या प्रत्येकाचं बोट यंत्रावर ठेवून घेतात, आणि ते तिकीट त्या माणसाशी जोडलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर दुसरं कुणी आलं तर यंत्राला ते कळतं. ज्यांना बोट ठेवायचं नसेल त्यांना फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. पणजीला इफ्फी चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा डेलिगेट कार्डावर स्वतःचा फोटो असतो, दुसऱ्याचं कार्ड गळ्यात घालून कुणाला आत जाता येत नाही, तसंच हे. आणि फ्लोरिडात याला कायद्याचीही जोड आहे: अहस्तांतरणीय असं अनेक दिवसांचं तिकीट एकदा वापरून झाल्यावर विकायला काढणं हाच तिथे गुन्हा आहे. गुन्हा विकणाऱ्याचा. तुम्हाला तिथे कुणी अटक करेल असं मी म्हणत नाही, तसली भीती मनात घेऊन जाऊ नका. पण दारात उभं राहून, नातवाचा हात धरून, "हे तिकीट चालत नाही" हे ऐकायची वेळ तुमच्यावर आली असती. विकणारा तेव्हा फोन उचलत नसता.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी इतर तिकिटं कुठून येतात, तेही सांगते, कारण हा प्रश्न फक्त तुमचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीला इमॅजिका बघायला किंवा बेंगळुरूला वंडरलाला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी घरांनाही "आम्हाला जमत नाही, आमची तिकिटं घ्या" असे मेसेज येतात. बऱ्याचदा तो मेसेज खऱ्या माणसाचाच असतो आणि त्याचं कारणही खरंच असतं. पण क्यूआर कोडचा फोटो एकाला पाठवता येतो तसा दहा जणांनाही पाठवता येतो. दारावर जो पहिला पोचेल तो आत, बाकीचे नऊ बाहेर. तुमच्याकडे आलेला फोटो खरा आहे असं मानलं, तरी तो आणखी कुणाकडे गेलाय हे तुम्हाला कसं कळणार?

याहून वाईट प्रकार चोरीच्या क्रेडिट कार्डाचा. कुणाच्या तरी चोरलेल्या कार्डावर अस्सल तिकिटं काढायची आणि ती अर्ध्या किमतीत रोखीने विकायची. विकणाऱ्याला तिकीट फुकट पडलेलं असतं, म्हणून तो कितीही खाली येऊ शकतो. अशी तिकिटं कंपनीच्या ॲपमध्येही व्यवस्थित दिसतात, घेणाऱ्याची खात्री पटते. मग कार्डाच्या खऱ्या मालकाला बिल दिसतं, तो बँकेकडे तक्रार करतो आणि ती तिकिटं रद्द होतात. त्यामुळे "ॲपमध्ये घालून बघा, मगच पैसे द्या" असं कुणी प्रामाणिकपणाचा आव आणून म्हणालं, तरी तेवढ्यावर विसंबू नये.

तिसरा प्रकार तुम्हाला तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष दिसेल. ऑर्लँडोजवळ किसिमी गावातून 192 नंबरचा हमरस्ता जातो. त्याच्या कडेला स्वस्त तिकिटांच्या पाट्या लावलेली दुकानं असतात. तिथे पुष्कळदा तिकीट खरोखर स्वस्तात मिळतं, पण बदल्यात टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी ठरावीक दिवसांसाठी घ्यायची योजना, विकणाऱ्यांच्या खोलीत सकाळचे काही तास बसून त्यांचं ऐकावं लागतं. आपल्या कळंगुट-बागा पट्ट्यात गोऱ्या पर्यटकांच्या हातात स्क्रॅच कार्ड देऊन "तुम्हाला बक्षीस लागलंय" म्हणत रिसॉर्टवर नेणारी मुलं उभी असायची, ते आठवत असेल. तोच धंदा. तिकीट खोटं नसतं, पण तिथून सही न करता उठून येणं भिडस्त माणसाला जमत नाही. तुम्ही दोघं जाऊ नका.

म्हणून कुणी स्वस्त तिकीट देतो म्हणाला की पहिला प्रश्न हाच: ही सूट आली कुठून? कंपनीकडून रीतसर माल घेऊन विकणारे अधिकृत विक्रेते अमेरिकेत आहेत, पण त्यांची सूट थोडक्यात असते. डिस्ने वर्ल्डचं एका दिवसाचं मोठ्या माणसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वरच सुरू होतं आणि गर्दीच्या दिवसांत दोनशेच्या आसपास जातं. म्हणजे आजच्या भावाने एका दिवसालाच दहा हजारांच्या वर. चौदा हजारांत चार दिवस देणाऱ्याला हा फरक कुणी भरून दिला? याचं पटण्यासारखं उत्तर मिळत नसेल तर तिथेच थांबायचं, मग सांगणारा कितीही ओळखीतला असो.

पासपोर्टचं बोलू. पाठवलेला फोटो परत घेता येत नाही, पण घाबरून जाऊ नका. डिस्ने वर्ल्डचं तिकीट काढायला पासपोर्टची प्रत लागतच नाही. तुमच्या प्रती त्याने मागितल्या, त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. येत्या काही महिन्यांत तुम्हाला किंवा मिस्टरांना "इमिग्रेशनमधून बोलतोय", "तुमच्या पासपोर्टवर पार्सल पकडलंय", "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" असे फोन येऊ शकतात. समोरच्याकडे पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख सगळं बरोबर असेल, म्हणून तो खरा वाटेल. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यायचा आणि मुलाला कळवायचं. 1930च्या तक्रारीत पासपोर्टच्या प्रती गेल्याचं आवर्जून लिहा, म्हणजे पुढे त्या कागदांचा कुठे गैरवापर झालाच तर आधीची नोंद तुमच्या बाजूने असेल. आणि "तुमचे बुडालेले 25 हजार मी काढून देतो, थोडी फी लागेल" असं सांगणारा कुणी उगवला, तर तो याच टोळीतला किंवा तिचा भाऊबंद समजा.

राहिला पुतण्या. पत्र वाचताना माझा जीव सगळ्यांत जास्त त्याच्यासाठी अडकला. तुम्हाला वाटतंय, तक्रार केली तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. मला उलट वाटतं. तक्रार केली नाही तर तो अडकेल.

तुमचे पैसे त्याने दिलेल्या नंबरवर गेले. तो नंबर ऑर्लँडोतल्या माणसाचा नाही, इथलंच कुणाचं तरी बँक खातं आहे. अशा टोळ्या दुसऱ्यांच्या नावाची खाती भाड्याने घेतात आणि त्यांतून पैसे पुढे सरकवतात. पुतण्याने याच माणसाची तिकिटं आणखी कुणाला सुचवली आहेत का, आणि त्याच्या स्वतःच्या खात्यातून कुणाचे पैसे पुढे गेलेत का, हे त्याला आज प्रेमाने विचारा. अशा पोरांना हे लोक "तू ओळखीतली गिऱ्हाइकं आण, तुला हजार-दोन हजार देतो, पैसे तुझ्याच खात्यात घे" असं सांगतात. पोराला ते कमिशन वाटतं. मग कुठल्या तरी राज्यात कुणीतरी तक्रार करतं आणि माग काढताना पोलीस याचं खातं गोठवतात. पगार त्यातच, घरभाडं त्यातच. खातं मोकळं करून घ्यायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो. त्याने अजून पैसे हाताळले नसतील तर उत्तम, यापुढेही हाताळू नयेत. हाताळले असतील तर तुमच्याबरोबर त्यानेही पोलिसांकडे जाऊन जे घडलं ते स्वतःहून सांगावं. फसलेला माणूस आणि सामील माणूस यांत फरक करायला पोलिसांना हाच आधार मिळतो.

जावेशी बोलताना 25 हजारांपासून सुरुवात करू नका. "तुझ्या मुलाला कुणीतरी वापरतंय, त्याला यातून बाहेर काढू या" इथून सुरुवात करा. मिस्टरांना त्या खोलीत थोडा वेळ गप्प बसायला सांगा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत, त्यांना राग येणं साहजिक आहे, पण तो राग त्या मुलावर निघाला तर तो पुढचं काही सांगणार नाही. आणि तुम्हाला त्याच्या तोंडून सगळं ऐकायचंय.

आता तुमच्या भेटीचं. मुलाला न सांगता द्यायची तुमची हौस मला कळते. आयुष्यभर ज्याला दिलं त्याच्याकडून विमानाचं तिकीट घेताना आईवडिलांना जड जातं. पण या बाबतीत गुपित ठेवल्याने तुमचं नुकसान होतंय, ते असं. तुमचा मुलगा टॅम्पात राहतो, म्हणजे तो फ्लोरिडाचा रहिवासी. डिस्ने वर्ल्ड तिथल्या रहिवाशांसाठी वेगळी, स्वस्त तिकिटं काढत असतं. मोठ्यांना दारावर राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. तुम्हा दोघांना ती सवलत मिळणार नाही, पण मुलाला आणि सुनेला मिळू शकते. नात फुकट. म्हणजे पूर्ण भावाची तिकिटं लागतील ती तुम्हा दोघांची, आणि नातवासाठी कोणतं स्वस्त पडतं ते मुलगा बघेल. तिकिटं त्याने कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, त्याच्या तिकडच्या कार्डाने काढावीत. इथल्या कार्डाने काढलीत तर परकीय चलनाचा वेगळा आकार लागतो. तुम्ही ते पैसे त्याच्या भारतातल्या खात्यात भरा. भेट तुमचीच राहील.

चार दिवसांचा हट्टही धरू नका. डिस्ने वर्ल्डमध्ये चार वेगवेगळी उद्यानं आहेत आणि प्रत्येकात सकाळपासून रात्रीपर्यंत पायपीट होते. पाच वर्षांच्या मुलाला त्यांतल्या मॅजिक किंगडममधला एक दिवस पुरेसा होतो, तुमच्या गुडघ्यांनाही तेवढाच झेपेल. आठवड्याच्या मधल्या वाराची तारीख निवडली की सहसा भाव खाली येतो, तो संकेतस्थळावर तारीखवार दिसतो. बाहेरचं खाणं आत नेता येतं, मात्र काचेची बाटली-बरणी चालत नाही. तेव्हा सकाळी पोळी-भाजीचा डबा करून घ्या. आतल्या खाण्याचा खर्च वाचेल तो तिकिटाच्या खर्चात बराच हातभार लावेल. चवथीच्या नेवऱ्या टॅम्पापर्यंत टिकल्या तर त्याही घ्या. दुसरा एखादा संध्याकाळचा फेरफटका हवा असेल तर डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा त्यांचाच बाजारवजा भाग आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाडी लावायलाही नाही. दुकानं, तळं, रोषणाई बघत नातीला बाबागाडीतून फिरवता येईल.

1930ला फोन झाला की आज रात्रीच मुलाशी बोला. टॅम्पाची वेळ या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, तुम्ही जेवून उठाल तेव्हा तो ऑफिसात पोचलेला असेल. त्याला घडलेलं सगळं सांगा, पासपोर्टचंही. तक्रार नोंदवली की जो पोचपावती क्रमांक मिळेल तो त्यालाही पाठवून ठेवा.